फिरता श्रीरामपूरकर : स्वरूप, प्रकार आणि निगा

व्याख्या व व्याप्ती

पोटापाण्यासाठी एका देशातून दुसऱ्या देशात हलत राहणारा, प्रत्येक मुक्कामी ‘अजून दोनच वर्षं’ असे सांगणारा आणि सगळ्या अर्जांवर कायमचा पत्ता मात्र श्रीरामपूरचाच लिहिणारा, अशा माणसाला फिरता श्रीरामपूरकर म्हणतात. एकाच देशात घर घेऊन दर शनिवारी अंगणातली हिरवळ कापणारा तो बसता श्रीरामपूरकर. त्याचा विचार येथे केलेला नाही. सहलीच्या कंपनीबरोबर आठवड्यात पाच देश उरकून येणाराही या व्याख्येत बसत नाही, कारण तो परदेशात काम करत नाही. बस सुटायच्या आत फक्त धावतो.

या वर्गाची तीन लक्षणे सर्वत्र आढळतात. त्याच्या बॅगेचे कुलूप नवे आणि चेन जुनी असते. त्याच्या पाकिटात तीन देशांची चिल्लर असते आणि त्यांपैकी एकाही देशात तो सध्या राहत नसतो. शिवाय हवापाण्याचा विषय निघाला, की तो असतो तिथला पाऊस न सांगता भंडारदरा धरण किती टक्के भरले ते सांगतो.

पूर्वपीठिका

श्रीरामपूर हे पुरातन गाव नव्हे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. प्रवरेकाठच्या बेलापूर गावासाठी जे स्टेशन झाले ते गावापासून बरेच लांब पडले. स्टेशनाभोवती वखारी, वखारींभोवती पेठ आणि पेठेभोवती शहर अशी वाढ होत होत तालुक्याचे ठिकाण उभे राहिले आणि त्याला श्रीरामपूर हे नाव मिळाले. स्टेशन मात्र बेलापूरच राहिले. त्यामुळे तिकीट एका गावाचे काढायचे आणि पोहोचायचे दुसऱ्याच गावात, हे शिक्षण येथील माणसाला पासपोर्टाच्या पुष्कळ आधी मिळते. पुढे नवी मुंबईतही बेलापूर निघाले. पाहुणा कोणत्या बेलापूरला उतरला आहे हे आधी विचारून मगच त्याला आणायला निघावे, असा शिरस्ता तेव्हापासून पडला.

शहराला खरा जीव आला तो पाटाच्या पाण्याने. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि पाण्यामागे माणसे आली. नीरेच्या कालव्यावर ऊस शिकलेले सासवडचे माळी बागाईतदार गोदावरीच्या आणि प्रवरेच्या कालव्यांवर आले. मारवाडी, गुजराती आणि कच्छी व्यापारी आले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. हरेगावला आणि टिळकनगरला खासगी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊसतोडीसाठी बीडकडच्या टोळ्या आल्या. त्या आजही हंगामात येतात. युरोपातले पाद्री आले आणि हरेगावला मतमाउलीची यात्रा भरू लागली. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न परदेशात गेल्यावर मराठी माणसाला खुपतो म्हणतात. श्रीरामपूरकराला तो खुपत नाही. त्याच्या गल्लीत हा प्रश्न शिष्टाचार म्हणूनच विचारला जातो आणि उत्तर ऐकून कोणीही खुर्ची मागे सरकवत नाही.

यानंतरचा टप्पा शिक्षणाचा. १९५० मध्ये शेजारच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली आणि लोणी, संगमनेर, कोपरगाव अशी साखरेच्या मुलखात महाविद्यालये निघाली. साखर कारखान्याला जोड-उत्पादने असतात : मळी, भुसा, मद्यार्क. त्यांत आता अभियंत्याची भर पडली. पहिल्या तिन्हींना परवाने, कोटे आणि बंधने असतात. चौथ्यावर सरकारने कधीही निर्यातबंदी घातली नाही, त्यामुळे तोच सर्वांत दूर गेला.

मराठी मुलखात या वृत्तीचे पूर्वसुरी पुष्कळ. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश फिरले, पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले आणि शिकवण्यासाठी लेनिनग्राडलाही जाऊन आले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांचा प्रवास याहून वळणावळणाचा. जपान, अमेरिका, इराण, जर्मनी, रशिया असे करत ते १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या संशोधनात नावारूपाला आले. चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात जागा दिली. गदर चळवळीतल्या या माणसाला ब्रिटिश राज्य असेपर्यंत मायदेशी परतता आले नाही. कायमचे परतणे १९५५ मध्ये झाले. ‘यंदा दिवाळीला नक्की येतो’ हे वाक्य किती लांबू शकते, याची वरची मर्यादा त्यांच्या उदाहरणाने ठरून गेली आहे. आजचा फिरता श्रीरामपूरकर तिच्या आतच असतो आणि तसे घरी सांगतोही.

पाणीपाळीचे तत्त्व

व्हिसा म्हणजे काय हे इतरांना वकील लावून समजते. श्रीरामपूरकराला ते पाटपाण्यावरून समजते. कालव्याचे पाणी हवे तर नमुना नंबर ७ चा अर्ज भरावा लागतो. मागची थकबाकी निघाली तर अर्ज बाजूला पडतो. पाणी आवर्तनाने सुटते, म्हणजे पिकाला हवे तेव्हा नाही, तर बैठकीत ठरेल तेव्हा. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला बॅटरी घेऊन चारीवर उभे राहावे लागते. आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याने कितीही आधी अर्ज केला, तरी पाणी त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा वरच्यांचे भरणे होऊन गेलेले असते.

एवढे पाठ असलेल्या माणसाला जगातल्या कोणत्याही वकिलातीची भीती वाटत नाही. युरोपातल्या शेंगेन गटात पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते : हे आवर्तन. अमेरिकेचा एच-१बी तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा : हा ब्लॉक. विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली, ती ठरल्या क्षेत्राला ठरल्या मुदतीसाठी पाण्याची हमी देऊन उसाबरोबर इतर पिकेही घेतली जावीत म्हणून. शेतकऱ्याने त्यातून शक्य तितका ऊसच काढला, आणि एच-१बीवाला त्याच न्यायाने मुदतीतून शक्य तितके डॉलर काढतो. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांच्या वर जाऊ दिला जात नाही; त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही : हे टेल. मुलाखतीची वेळ मध्यरात्री संगणकावर खुली होते आणि ती पकडायला सगळे घर जागे राहते : ही रात्रपाळी. आई चहा करते, वडील पंचांग पाहतात आणि धाकटा भाऊ दुसऱ्या मोबाइलवर बोट ठेवून बसतो.

प्रकार

कारखानी. हा सर्वांत जुना आणि सर्वांत कमी बोलणारा प्रकार. साखर कारखान्यातला केमिस्ट, पॅनमन किंवा बॉयलरवरचा जाणता माणूस पूर्व आफ्रिकेतल्या कारखान्यांवर जातो. युगांडातले काकिरा आणि लुगाझी येथले कारखाने मुळात भारतीय वंशाच्या घराण्यांनीच उभारलेले असल्याने तिथे गेल्यावर त्याला परदेशी आल्यासारखे वाटत नाही. बदली झाल्यासारखे वाटते. मळीचा वास तोच असतो. केनियातून टांझानियात, तिथून इथिओपियात असा तो सरकत जातो आणि प्रत्येक देशाबद्दल त्याचे मत एकाच निकषावर ठरते : उसाला साखरेचा उतारा किती. एखाद्या देशातली अभयारण्ये, सरोवरे आणि सिंह यांविषयी विचारले तर तो थोडा विचार करतो आणि सांगतो, ‘‘साडेनऊच्या वर जात नव्हता.’’

आखाती. वीजतंत्री, वेल्डर, फिटर आणि फोरमन हे येथे मोडतात. कंत्राट बहुधा दोन वर्षांचे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार सरकारी मंजुरीची अट असते, त्यामुळे गावात दहावीच्या निकालाचे महत्त्व इतरांना वाटते त्याहून जास्त आहे. आखाती माणसाची मुख्य अडचण सुट्टीच्या वाराची. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी केली. सौदी अरेबियात ती शुक्रवार-शनिवारची आहे. दुबईहून रियाधला गेलेल्या माणसाचा रविवार हरवतो. घरच्यांना हे सांगूनही पटत नाही आणि सगळ्या लग्नांच्या बैठकींचे फोन त्याला रविवारी सकाळी, मचाणावर असतानाच येतात.

ऑनसाइट. संगणकाच्या कंपनीत लागलेला आणि ‘तीन महिन्यांसाठी’ पाठवलेला. हे तीन महिने ओहायोत सुरू होतात, म्युनिकमध्ये वाढतात आणि ॲमस्टरडॅममध्ये संपत नाहीत. जर्मनीत घर मिळाले की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि रविवारी भिंतीत खिळा ठोकता येत नाही. गणपतीचा फोटो टांगायचा असेल तर तो शनिवारी रात्री आठच्या आत टांगावा. या वर्गाच्या घरातला सर्वांत सावध रहिवासी म्हणजे छतावरचा धुराचा भोंगा. ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या की त्याला ते घरमालकाच्या आधी कळते.

जहाजी. हा एका देशातून दुसऱ्या देशात नव्हे, तर सगळ्या देशांच्या मधून फिरतो. सहा ते नऊ महिने बोटीवर आणि उरलेले महिने श्रीरामपुरात, असे त्याचे वर्ष असते. त्याला जगातली तीसेक बंदरे माहीत असतात, पण प्रत्येक बंदरातले क्रेनच. सिंगापूर कसे आहे, असे विचारले तर तो ‘गरम’ म्हणतो; रॉटरडॅम कसे आहे, तर ‘थंड’. करासाठी अनिवासी ठरायचे तर भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत ठेवावा लागतो. त्यामुळे सुट्टीवर आलेला जहाजी दिवस मोजत असतो, आणि त्याचे घराकडे मन नाही असा गैरसमज सासुरवाडीला होतो.

लॅपटॉपी. हा सर्वांत नवा प्रकार. एस्टोनियाने २०२० मध्ये घरून किंवा कुठूनही काम करणाऱ्यांसाठी खास व्हिसा काढला. पोर्तुगालने २०२२ मध्ये, तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाईच्या अटीवर, तसेच केले. थायलंडने २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा दिला. प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस आणि बँकेत पाच लाख बात हवेत. या सवलतीवर एक श्रीरामपूरकर चियांग माईच्या चहाच्या दुकानात बसून बंगळुरूच्या कंपनीचे न्यू यॉर्कच्या ग्राहकासाठीचे काम करू शकतो. अडचण व्हिसाची नसते, नातेवाइकांची असते. ‘तो काम करतो, पण कामावर जात नाही’ हे त्यांना समजावून देता येत नाही. लग्नाच्या बाजारात हा प्रकार विशेष नाजूक आहे. ‘मुलगा जॉर्जियाला असतो’ असे कळल्यावर मुलीकडचे अटलांटातल्या मावसबहिणीला चौकशीला लावतात आणि तो तिबिलिसीत निघतो. बैठक तिथे थांबते. मुलाने मिळवलेला पैसा दोन्ही जॉर्जियांत सारखाच खर्च होतो, हे मुलाच्या वडिलांचे म्हणणे खरे असते, पण ते कोणी ऐकत नाही.

खेळाडू. या प्रकारात नमुना एकच असला तरी तो पुरेसा आहे. झहीर खानचा जन्म श्रीरामपूरचा, ७ ऑक्टोबर १९७८ चा. भारतासाठी कामाचे त्याचे पहिले ठिकाण नैरोबी, ऑक्टोबर २००० मध्ये. पुढच्याच महिन्यात ढाका. २००४ मध्ये त्याने इंग्लंडात सरे काउंटीकडे आणि २००६ मध्ये वूस्टरशरकडे नोकरी केली. दुसऱ्या ठिकाणी एका मोसमात ७८ बळी घेतले. इसेक्सविरुद्ध पडलेले पहिले नऊच्या नऊ बळी त्याचेच होते आणि दहावा झेल सुटला. परदेशात सगळे काम एकट्याने केले तरी शेवटची सही दुसऱ्याच्या हातात असते, हे बाकीच्या सर्व प्रकारांना या उदाहरणावरून समजावता येते. २००७ मध्ये नॉटिंगहॅमच्या कसोटीत तो फलंदाजीला आला तेव्हा खेळपट्टीवर जेली बीन्सच्या गोळ्या पडलेल्या होत्या. त्याने आधी बॅट रोखून निषेध नोंदवला, मग इंग्लंडच्या दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. भारताने तो सामना आणि मालिका जिंकली. परदेशी सहकाऱ्यांच्या थट्टेला कसे उत्तर द्यावे, यावर कंपन्या दिवसभराची शिबिरे घेतात. श्रीरामपुरात हा धडा दोन वाक्यांत शिकवला जातो.

कागदपत्रे

फिरत्या माणसाची ओळख कागदावर असते आणि कागद एकमेकांशी बोलत नाहीत. साठीच्या आसपासच्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच लिहिली. परदेशातल्या कार्यालयात त्या दिवशी केक येतो आणि माणूस तो कापतोही. खरा वाढदिवस आखाडात, पावसात आणि बैलाच्या आजारपणात होऊन गेला होता, हे सांगत बसत नाही. वडिलांचे नाव मधे लिहिण्याच्या मराठी रीतीमुळे परदेशी संगणक त्यालाच वडिलांच्या नावाने हाक मारतो. वडील तिकडे राहायला आले की एकाच घरात एकाच नावाची दोन माणसे होतात आणि दवाखान्याची बिले कोणाची हे ठरवायला रविवार जातो.

त्यात २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. शाळेचा दाखला एका जिल्ह्यातला, नवा पासपोर्ट दुसऱ्यातला, आणि ज्यांचा जन्म १९६० पूर्वीचा त्यांचे राज्यही वेगळे. ‘आपण या काळात कुठे कुठे राहिलात?’ या रकान्यात न हललेल्या माणसाला तीन पत्ते लिहावे लागतात.

गावाचे नाव सांगण्यातही सावधगिरी लागते. बंगालमध्ये हुगळीकाठी दुसरे श्रीरामपूर आहे. ते १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि तेव्हा त्याचे नाव फ्रेडरिक्सनगर होते. विल्यम केरीने तिथे छापखाना काढला आणि १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले. म्हणजे मराठी भाषेसाठी त्या श्रीरामपूरने या श्रीरामपूरच्या आधी काम केले आहे, ही गोष्ट तालुक्यात सहसा काढली जात नाही. कोपनहेगनमधल्या इतिहासप्रेमी सहकाऱ्याला गावाचे नाव सांगितले तर तो ‘ते आमचे होते’ असे म्हणण्याची शक्यता असते. अशा वेळी शिर्डीचे नाव घ्यावे. महाराष्ट्रात ‘शिर्डीजवळ’, उर्वरित भारतात ‘नाशिक आणि पुण्याच्या मधे’, क्रिकेट खेळणाऱ्या देशांत ‘झहीर खानचे गाव’ आणि इतरत्र ‘मुंबईजवळ’, असा क्रम रूढ आहे. मुंबई अडीचशे किलोमीटरवर आहे, पण परदेशात हे अंतर कोणी मोजत नाही.

सामान

सामान दोन प्रकारचे असते : माणसाने घेतलेले आणि आईने भरलेले. पहिल्याचे वजन आठ किलो आणि दुसऱ्याचे अडतीस. वजन आधी ओळखीच्या किराणा दुकानात करून पाहतात. दुकानदार आधी काट्याकडे आणि मग मुलाकडे बघतो, आणि एक पुडा स्वतःकडूनही देतो.

भरण्याच्या वस्तू ठरलेल्या : काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, बाजरीचे पीठ, कुरडया, शेवया, शेंगोळ्यांसाठी हुलग्याचे पीठ आणि डिंकाचे लाडू. यांतला प्रत्येक जिन्नस कुठल्या ना कुठल्या देशात संशयित आहे. ऑस्ट्रेलियात खाण्याची वस्तू आधी जाहीर करावी लागते आणि दुधाची मिठाई आत जात नाही. तिथल्या तपासनीसासमोर पेढ्यांचा बॉक्स उघडणाऱ्याला चेहरा सरळ ठेवावा लागतो. अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. त्यामुळे दिवाळीचे अनारसे हा आखातात फौजदारी विषय होऊ शकतो. आणि सुके खोबरे हा तर विमानवाहतुकीच्या नियमांत घातक माल आहे. आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत त्याची गणना होते आणि त्याला यूएन १३६३ असा क्रमांक आहे. ज्या आजीने आयुष्यभर खोबरे किसले तिला ही बातमी सांगितल्यावर तिने विळी बाजूला ठेवून विचारावे, ‘‘मग एवढी वर्षं मी काय दारूगोळा किसत होते?’’ हे रास्त आहे.

सोबतीचा वर्ग : फिरते आई-वडील

अभ्यासकांनी मुलांकडे जेवढे लक्ष दिले तेवढे आई-वडिलांकडे दिले नाही. वास्तविक परदेशात सर्वांत जास्त देशांत, सर्वांत जास्त तास आणि बिनपगारी काम करणारा वर्ग हाच. मुलीचे बाळंतपण न्यू जर्सीत, सुनेचे मेलबर्नमध्ये, नातवाची शाळा सुरू व्हायची वेळ म्युनिकमध्ये, असा आजीचा दौरा ऋतूंप्रमाणे आखलेला असतो. अमेरिकेत पर्यटक म्हणून उतरल्यावर बहुधा सहा महिने मिळतात. कॅनडाचा खास व्हिसा २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो. तो ऐकून आजोबांनी सातबाऱ्याची पिशवी कपाटातून काढून पुन्हा कपाटात ठेवली, असे अनेक घरांत घडले.

पर्यटकाला काम करायला मनाई असते. हा नियम वाचून आजी निर्धास्त होते, कारण ती जे करते त्याला घरात आजवर कोणी काम म्हटलेले नाही. बाळाला तेल लावणे, बाळंतिणीला अळिवाची खीर करणे, रात्री तीनला उठणे, सहाला पुन्हा उठणे आणि दिवसा व्हिडिओवर श्रीरामपूरच्या जावेला ‘अगं, निवांत आहे इकडे’ असे सांगणे, एवढाच तिचा दिनक्रम. विमानतळावर अधिकारी विचारतो, इथे काय पाहणार? ती सांगते, ‘‘नातू.’’ परदेशी पर्यटनाच्या इतिहासात इतके नेमके आणि खरे उत्तर दुसरे नाही. सहा महिन्यांनी ती परतते तेव्हा तिने नायगारा पाहिलेला असतो, पण एका रविवारी, दुपारी, घाईने, आणि परतल्यावर लगेच कणीक मळायला लागल्यामुळे तो नीट आठवत नाही.

आजोबांचे काम निराळे. त्यांना प्रत्येक देशात एक बाक सापडतो. त्यावर दुसऱ्या टोकाला एक गुजराती किंवा पंजाबी आजोबा असतात. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही, पण जमिनीचे भाव, रक्तातली साखर आणि मुलांची व्यस्तता या तीन विषयांना भाषा लागत नाही. जर्मनीत आजोबा विशेष रमतात. तिथे रिकामी प्लास्टिकची बाटली यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात. आजोबा पहिल्या आठवड्यात घरातल्या बाटल्या नेतात, दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या, आणि तिसऱ्या आठवड्यात सोसायटीत त्यांना सगळे ओळखू लागतात. मुलगा ओशाळतो. आजोबा हिशेब दाखवतात : एका बाटलीचे वीस रुपयांच्या वर येतात, आणि यात ना पाटकरी लागतो, ना वजनकाट्यावरचा बाबू. हीच व्यवस्था तालुक्यात आणावी असे त्यांचे मत परत येईपर्यंत टिकते.

सुट्टीवर येणे

२०१७ मध्ये शिर्डीचा विमानतळ सुरू झाल्यापासून फिरता श्रीरामपूरकर गावाच्या फार जवळ उतरू शकतो. परदेशातून मात्र आधी मुंबई, दिल्ली किंवा बंगळुरूला यावे लागते. चौदा तासांच्या प्रवासाने जो माणूस थकत नाही तो शेवटच्या पन्नास किलोमीटरांत थकतो, कारण गाडीत मामा असतात.

पहिला प्रश्न ‘कधी आलास?’ आणि दुसरा ‘कधी जाणार?’ हे दोन्ही प्रश्न एकाच श्वासात विचारले जातात आणि त्यात निरोप देण्याची घाई नसते. जेवणाला कोणत्या वारी बोलवायचे याची ती आखणी असते. तिसरा प्रश्न पगाराचा. आकडा युरोत सांगितला तरी त्याचे आधी रुपये, मग टन ऊस आणि शेवटी एकर असे रूपांतर समोरचा मनातल्या मनात करतो आणि ‘बरंय’ म्हणतो. हे ‘बरंय’ किती एकरांचे आहे ते त्याच्या मानेवरून ओळखावे. चौथा प्रश्न विचारला जात नाही, सुचवला जातो : एखादा मोबाइल किंवा पुतण्याची नोकरी. मोबाइल देणे सोपे पडते.

जमिनीच्या बाबतीत कायदा चमत्कारिक आहे. अनिवासी भारतीयाला भारतात घर घेता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. ती फक्त वारशाने येते. ज्या उसाच्या फडातून पळ काढण्यासाठी मुलाने अभियांत्रिकी केली, तो फड त्याला फुकट मिळतो. शेजारचा, जो त्याला पन्नाशीत घ्यावासा वाटतो, पैसे असूनही मिळत नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागले की तो त्याचा फोटो काढून रॉटरडॅमच्या कार्यालयात टेबलावर लावतो. सहकारी त्याला नकाशा समजतात.

परतणे

परतण्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात माणूस परत येण्याबद्दल बोलतो. हा टप्पा सर्वांत लांब असतो आणि त्याला खर्च येत नाही. दुसऱ्या टप्प्यात तो श्रीरामपुरात किंवा पुण्यात सदनिका घेतो, तिच्या किल्ल्या भावाकडे देतो आणि भाऊ तिथे कांदे ठेवतो. तिसऱ्या टप्प्यात तो खरोखर येतो. पहिले काही महिने तो रस्त्याच्या कडेने चालतो, रांगेत उभा राहतो आणि पाण्याची बाटली विकत घेतो. नंतर या खोडी आपोआप जातात आणि त्यासाठी औषधोपचार लागत नाही.

परतला हे पक्के कधी धरावे, याविषयी तालुक्यात एकमत आहे. गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेचा अखंड हरिनाम सप्ताह दर श्रावणात नव्या गावी भरतो आणि गावोगाव त्याची तयारी होते. घरोघरच्या भाकरी आणि मोठाल्या कढयांतली आमटी असा तिथला महाप्रसाद असतो. वर्गणी मागायला आलेली मंडळी परदेशस्थाची पावती निराळ्या आकड्याने फाडतात, आणि ‘तुम्हाला काय कमी आहे, दादा’ असे म्हणून फाडतात. ज्या वर्षी हे वाक्य येत नाही, पावती शेजाऱ्याइतकीच फाटते आणि वर ‘वहिनींना सांगा, पन्नास भाकरी लागतील’ असा निरोप मिळतो, त्या वर्षापासून त्याची नोंद फिरत्या श्रीरामपूरकरांत करू नये.